बिनलोखंडी चुंबक

आधी भिंग घ्या. नुसत्या डोळ्यांनी शोधायला गेलात तर शाईचा ठिपका समजून फडक्याने पुसून टाकाल आणि मग बसाल कपाळाला हात लावून. घेतलंत? आता या काचेच्या नळीच्या तळाशी बघा. गडद निळा, जवळजवळ काळा, सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असा मोहरीच्या दाण्याएवढा ठोकळा दिसतोय ना, तो मी.

मी सेंद्रिय स्फटिक आहे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, संपली माझी सामग्री. म्हणजे मी साखर, लाकूड, लोकर यांच्या कुळातला. या कुळात कोणी चुंबक निपजेल अशी कोणाची अपेक्षा नसते. पण मी चुंबक आहे. अंगात लोखंडाचा कण नाही, निकेल नाही, कोबाल्ट नाही, आणि तरी आहे. कोणाला ही बढाई वाटत असेल तर खुशाल वाटो. मूर्ती लहान म्हणून कीर्तीही लहान ठेवायची, असा काही नियम नाही.

आमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर एक लाल चुंबक चिकटलेला आहे. सुट्ट्यांचं वेळापत्रक धरून ठेवणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. येणारे-जाणारे त्याच्याशी उगाच चाळा करतात, त्याला इकडून काढून तिकडे लावतात. त्याला काय, वडिलोपार्जित लोखंड लाभलंय. आयत्या बिळावर नागोबा. मला जे आहे ते स्वतःच्या बळावर मिळवावं लागलं.

कसं मिळवलं ते सांगतो, अवघड नाही. रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना जोडीने राहायची फार हौस. एकाचं तोंड वर, तर दुसऱ्याचं खाली, आणि दोघांचा मिळून कारभार शून्य. साखरेत असंच, लाकडातही असंच. माझ्या प्रत्येक रेणूत मात्र एक इलेक्ट्रॉन सडाफटिंग आहे. त्याला जोडीदार नाही. अशा रेणूला शास्त्रातली माणसं मूलक म्हणतात. बहुतेक मूलक क्षणभरही टिकत नाहीत, दिसेल त्याच्या गळ्यात पडून मोकळे होतात. माझे रेणू तसले उतावळे नाहीत. ते आपला एकटा इलेक्ट्रॉन सांभाळून वर्षानुवर्षं राहतात.

हा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःच एक इवलासा चुंबक. पण उबेत त्याला शेजाऱ्याचं काही सोयरसुतक नसतं. एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, तिसऱ्याचं आभाळाकडे. असल्या गर्दीची बेरीज कायम शून्यच येते. थंडी पडली की मग त्यांना शेजारी दिसायला लागतो. आणि थंडी म्हणजे तुमच्या फ्रिजची नव्हे हं. जिच्याखाली आणखी थंडी उरतच नाही ना, तिच्यापासून जेमतेम दीड अंश वर. तिथे पोचल्यावर माझे सगळे इलेक्ट्रॉन एका दिशेला तोंड करून उभे राहतात. तेव्हा मी चुंबक होतो.

हे सगळं मला आता इतक्या सहज सांगता येतंय. पण एक काळ असा होता की माझ्या चुंबकपणावर एका बहिणीची आणि भावाची बोलाचाल अडून बसली होती.

बहीण म्हणजे निळूताई. खरं नाव वेगळं, पण मूलकांच्या रंगाने तिची बोटं कायम निळी झालेली असायची, म्हणून सगळी इमारत तिला निळूताई म्हणायची. ती वरच्या मजल्यावर स्फटिक वाढवायची. तिचा थोरला भाऊ तळघरात. तिथे थंडी तयार करायची अजस्र टाकी होती आणि तिच्यात नमुने सोडून त्यांचं चुंबकत्व मोजणं हे त्याचं काम. त्याला लोक थंडेराव म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि कधीकधी चुकून तोंडावरही. निळूताई त्याला दादा म्हणायची. दोघांनी लहानपणी एका टेबलावर अभ्यास केला, एकाच विषयाचं वेड घेतलं आणि एकाच इमारतीत नोकरीला लागली. ती वाढवणार, तो मोजणार, अशी जोडी होती.

माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी निळूताईने याच मूलकाचे स्फटिक केले होते आणि दादाने मोजले होते. मोजयंत्राचा काटा वर गेला. दोघंही हुरळली. मोठ्या सभेत दोघांनी जाहीर केलं की लोखंडाशिवायचा चुंबक सापडला. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात कोणीतरी शंका काढली, पुन्हा मोजणी झाली, आणि पितळ उघडं पडलं. खरं तर लोखंडच उघडं पडलं. काचेला चिकटलेले स्फटिक निळूताईने स्टीलच्या चमच्याने खरवडून काढले होते. त्या चमच्याचा डोळ्यांना न दिसणारा कीस नमुन्यात गेला होता. वर गेलेला काटा त्या किसाचा होता.

मग त्याच लोकांच्या पुढच्या सभेत दादाला उभं राहून सगळं मागे घ्यावं लागलं. तो म्हणाला, "नमुना अशुद्ध होता." एवढंच बोलून तो खाली बसला. निळूताई तिसऱ्या रांगेत होती.

त्या दिवसापासून दादा तिला तुम्ही म्हणायला लागला. आपल्या पाठच्या बहिणीला, जिची वेणी त्याने ओढली, जिला सायकल शिकवली, तिला तुम्ही. "नमुना ठेवून जा, मॅडम." "आकडे उद्या मिळतील, मॅडम." एखाद्याने चार शिव्या दिल्या तर परवडलं, पण हे असलं तुम्ही फार जिव्हारी लागतं.

ही हकीकत माझ्या कानावर आली ती खोलीतल्या लोकांच्या बोलण्यातून. मी जन्मलो तेव्हा निळूताईने नमुन्यांना शिवणारी स्टीलची प्रत्येक वस्तू खोलीतून हद्दपार केली होती. चिमटे प्लास्टिकचे. चमचा म्हणाल तर तिने जुन्या टूथब्रशची दांडी काचकागदावर घासघासून त्याचं टोक चपटं केलं होतं आणि त्या टोकाने ती आम्हाला उचलायची. हातातलं घड्याळ ती दाराबाहेर काढून ठेवायची. "दुधानं तोंड भाजलंय, आता ताक फुंकतेय," असं स्वतःच म्हणायची. पण मूलक तिने सोडला नाही. तिचं म्हणणं असं, की कीस होता हे खरं, पण किसाच्या आड खरा चुंबकही होता, आणि तो मी दाखवणार.

माझा जन्म एका छोट्या बाटलीत झाला. निळ्या द्रावणाने भरलेली बाटली, तोंडावर चंदेरी कागद, त्याला टाचणीने पाडलेली भोकं. त्या भोकांतून त्यातला द्रावक हळूहळू उडून जायचा. बाटली कपाटाच्या तळच्या खणात, जिथे दार आपटलं तरी हादरा पोचायचा नाही. स्फटिकाला घाई चालत नाही. निळूताई रोज यायची, खण उघडायची, बघायची आणि हात न लावता बंद करायची. मुलाला झोप लागली का ते बघणाऱ्या आईसारखी.

त्या बाटलीत आधी सुया जन्माला आल्या. लांब, बारीक, हिरवट निळ्या, आमच्या थोरल्या बहिणी म्हणा. रेणू तोच, रक्त तेच. पण सुयांमध्ये रेणू असे रचलेले असतात की शेजारी शेजाऱ्याकडे पाठ फिरवून बसतो. कितीही थंडी द्या, एकाचं वर, एकाचं खाली, बेरीज शून्य. मग सावकाश तळाशी आम्ही ठोकळे उगवलो. आमच्यात रेणू जरा सरकून, खांद्याला खांदा लावून बसलेले. फरक एवढासाच, पण सगळा डाव त्या एवढ्याशा फरकावर असतो.

बाटली उघडली त्या दिवशी निळूताईने ठोकळे वेगळे निवडले. माझी भावंडं तिच्या टूथब्रशच्या चमच्यावर बसून भराभर निघाली. मी मात्र बाटलीच्या तळाच्या कोपऱ्यात घट्ट चिकटलो होतो. तिने एकदा ढकलून बघितलं, मी हललो नाही. "राहा मग," ती म्हणाली. न खरवडायची तिने शपथच घेतली होती. मला राग आला. मी त्या सगळ्यांत थोराड आणि देखणा होतो, आणि मलाच मागे ठेवलं.

भावंडं तळघरात गेली, आणि तिथे दादाने आपल्या शिस्तीप्रमाणे त्यांना खलात घातलं.

यात दादाचा दुष्टपणा नव्हता. सभेतल्या त्या दिवसानंतर त्याने नियमच केला होता की येणारा प्रत्येक नमुना दळायचा. अख्खा स्फटिक चुंबकी क्षेत्रात वळतो आणि वळला की आकडा फसवतो. पीठ केलं की फसवाफसवी नाही. खल अकीकाच्या दगडाचा, लोखंडाचा संबंधच नाही. दादाला वाटलं, आपण सावधगिरीची कमाल केली.

पीठ थंड झालं, दीड अंशाखाली गेलं, आणि काटा जागचा हलला नाही.

"लोखंड नाही, हे मान्य," दादा म्हणाला. "पण चुंबकही नाही, मॅडम."

निळूताईने मान डोलावली आणि पिठाची कुपी घेऊन वर आली. संस्थेच्या प्रमुखबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ही शेवटची पाळी. आता जमलं नाही तर टाकी दुसऱ्या कामाला जाईल आणि हा मूलक कायमचा बंद. ती खुर्चीत बसली आणि तिने निळ्या बोटांनी डोळे दाबले. मी बाटलीतून बघत होतो. घशाला कोरड पडावी असा प्रसंग, पण मला घसा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची आई आली. आई शिवणकाम करणारी. हात थरथरायला लागल्यावर मशीन बंद केलं, पण जीभ व्यवस्थित चालू होती. हातात एक डबा. तिने फोन करून दादाला तळघरातून वर बोलावून घेतलं.

"डबा एकच आणलाय, दोघांचा," ती म्हणाली. "वेगवेगळं जेवायचं असेल तर दोघंही उपाशी राहा."

"आई, मला काम आहे."

"तुझी टाकी काय पळून जाते? बस."

तो बसला. दोघं एकाच डब्यातून खाऊ लागली, पण नजर आपापल्या घासावर. थोड्या वेळाने दादा म्हणाला, "आई, त्यांना सांग, उद्या संध्याकाळी टाकी दुसऱ्यांकडे जाणार आहे. त्यांचं सामान न्यायचं असेल तर आधी न्यावं."

"त्यांना म्हणजे कोणाला?" आई म्हणाली. "इथे मी आहे आणि तुझी बहीण आहे. या तिसऱ्या बाई कोण, मला तरी दिसत नाहीत."

आईने मग विषय बदलावा म्हणून निळूताईला सांगितलं, तुझा तो स्फटिक दाखव. निळूताईने बाटली भिंगाखाली धरली. आईने एक डोळा मिटून बराच वेळ मला न्याहाळलं.

"रंग सुरेख आहे ग. पण टाचण्या उचलतो का हा? माझ्याकडे होता तो चुंबक जमिनीवर नुसता फिरवला की सगळ्या टाचण्या गोळा व्हायच्या."

"याला आधी खूप थंड करावं लागतं, आई."

"म्हणजे आधी याला गार करायचं, मग टाचण्या वेचायच्या? तोवर माझे दोन झगे शिवून होतील."

दादाच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण त्याने लगेच आवरलं. "तो चुंबक नाही, आई," तो म्हणाला. "आम्ही मोजलंय."

आता तुम्हीच सांगा, मला कसं वाटलं असेल? ज्याला कधी मोजलंच नाही त्याच्या तोंडावर त्याचा निकाल. अंगाची लाही लाही झाली. पण निळूताईकडे बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचा घास हातातच राहिला होता. चमच्याचा कीस तिने मान्य केला होता, दोन वर्षांचं तुम्ही तिने गिळलं होतं, पण हे मात्र तिला गिळता येत नव्हतं. आपल्या माणसाने आपलं म्हणणं खोटं मानावं, हेच तिचं खरं दुखणं होतं. चुंबक मिळो न मिळो, दादाने एकदा म्हणावं की तू खरं सांगत होतीस, यासाठी तिचा जीव तुटत होता.

आई आणि दादा गेल्यावर ती आवराआवर करू लागली. परत आलेलं पीठ टाकून द्यायला तिने पांढऱ्या कागदावर ओतलं. शेजारी सुयांची कुपी होती. तिने सहज बघितलं, मग वाकून बघितलं, मग कागद उचलून खिडकीपाशी नेला.

पीठ हिरवट दिसत होतं.

दळल्यावर कशाचाही रंग फिका होतो, त्यात नवल नाही. दादानेही पीठ बघितलं होतं आणि त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. पण हे फिकं निळं नव्हतं, हिरवट निळं होतं, सुयांचा रंग. तिने थोड्या सुया घेऊन चिरडल्या आणि दोन्ही पिठं शेजारी शेजारी ठेवली. डोळ्यांना फरक सांगता येईना. म्हणजे खलाच्या दाबाखाली माझ्या भावंडांची रचनाच मोडली होती. खांद्याला खांदा लावून बसलेले रेणू सरकून सुयांसारखे पाठ फिरवून बसले होते. दादाने मोजलं ते बरोबर मोजलं होतं. फक्त ठोकळे मोजलेच नव्हते.

मग तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्या जगात आता मी एकटाच ठोकळा उरलो होतो. मी मागे राहिलो म्हणून कुढत होतो, आणि मागे राहिलो म्हणूनच वाचलो होतो.

तिने मला खरवडलं नाही. बाटलीत स्वच्छ द्रावकाचा थेंब सोडला, माझ्या पायाखालचा भाग किंचित विरघळू दिला, आणि मी आपसूक सुटलो. मग मला कुपीत घेऊन ती तळघरात उतरली.

"हा एक राहिलाय," ती म्हणाली. "हा न दळता मोजायचा."

दादा टाकीजवळ सामान आवरत होता. "अख्खा स्फटिक वळतो. तुम्हाला माहीत आहे."

"ग्रीसच्या थेंबात बसवते. गारठलं की ग्रीस दगडासारखं होतं. हलायचा नाही."

"आणि ग्रीसमध्येच काही असलं तर?"

"आधी नुसतं ग्रीस मोज."

तिने दोन्ही पिठांचा कागद त्याच्यापुढे धरला. दादा बराच वेळ बघत राहिला. त्याने कागद दिव्याखाली नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली. माणूस चुकायला भितो तशी नाही, पुन्हा आशा धरायला भितो तशी.

"उद्या संध्याकाळपर्यंत टाकी माझ्याकडे आहे," तो शेवटी म्हणाला. "बसवा."

आधी नुसतं ग्रीस मोजलं गेलं. काही नाही, निर्मळ. मग मला त्या थेंबात रोवलं आणि औषधाच्या कॅप्सूलमध्ये ठेवलं. ती कॅप्सूल सरबत प्यायच्या नळीत अडकवली. हसू नका. एवढी बलाढ्य टाकी, पण तिच्यात उतरायचं ते सरबताच्या नळीतून, हीच तिथली रीत. प्लास्टिकची साधी नळी चुंबकाच्या मोजणीत ढवळाढवळ करत नाही.

मी खाली उतरू लागलो. पाणी गोठतं ती थंडी दारातच मागे राहिली. हवेचाही द्रव होतो ती थंडीही मागे राहिली. लिक्विड हेलियमपाशी, म्हणजे गारठून द्रव झालेल्या हेलियम वायूपाशी, पोचलो तेव्हा माझ्या अंगातली धांदल जवळजवळ थांबली होती. तरी इलेक्ट्रॉन अजून आपापल्या तंद्रीत. मग पंप सुरू झाला. ओल्या बोटांवर फुंकर मारली की गार लागतं ना, तोच प्रकार. हेलियमची वाफ ओढून घेतली की उरलेला हेलियम आणखी गार पडतो. तीन अंश. दोन. दोनच्या खाली.

आणि मग ते झालं. आत कुठेतरी एका इलेक्ट्रॉनाने शेजाऱ्याकडे बघून तोंड वळवलं, त्याचं बघून पुढच्याने, त्याचं बघून त्याच्या पुढच्याने. बघता बघता मोहरीच्या दाण्याएवढ्या माझ्या देहातले कोट्यवधी, अब्जावधी सडे एका दिशेला तोंड करून उभे राहिले. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्या क्षणाचा मला इतका अभिमान वाटला की मी तो शब्दांत सांगायला जात नाही. आयुष्यभर शून्य असलेला मी एकदम कोणीतरी झालो.

वरती काटा चढला. सरळ, तडक चढला.

निळूताईने टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता दादा उडी मारेल, निदान हसेल तरी. तो आकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आता गरम करतो."

"कर," निळूताई म्हणाली. "तेच कर."

माझं तर काळीजच बसलं. अहो, आत्ता तर मिळालं होतं. दोन घटका तरी उपभोगू द्यायचं होतं. पण पंप मंद झाला, ऊब चढू लागली, आणि मला एकाएकी कळलं की माझी खरी परीक्षा ही आहे. लोखंडाचा कीस असता तर काटा वरच राहिला असता. लोखंडाला उबेचं काय, ते खोलीतही चुंबक आणि कपाटाच्या दारावरही चुंबक. मला मात्र माझा चुंबकपणा सोडून दाखवायचा होता. तो सोडला तरच तो माझा होता हे सिद्ध होणार होतं, आणि तरच निळूताई खरी ठरणार होती.

मी सोडला. दीड अंशापाशी माझ्या आतल्या रांगा विस्कटल्या, जो तो आपल्या दिशेला निघाला. काटा कोसळला. दादा थांबला नाही. त्याने मला चढवत चढवत थेट खोलीच्या उबेपर्यंत आणलं, बाहेरून लावलेलं चुंबकी क्षेत्र काढून घेतलं आणि पुन्हा बघितलं. शून्य. मी इतका अभिमानाने कधीच शून्य झालो नव्हतो.

मग त्याने पुन्हा थंड केलं. पुन्हा दीड अंश, पुन्हा काटा वर. तेव्हा कुठे दादा खुर्चीत बसला.

"खरं आहे," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस ते खरं आहे."

निळूताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. "दोन वर्षं हे ऐकायला थांबले होते, दादा."

"त्या वेळीही एवढंच करायचं होतं ग. गरम करून बघायचं. बघितलं असतं तर कीस तिथल्या तिथे कळला असता. आपण सभेत गेलोच नसतो."

"मग का नाही बघितलंस?"

"तुझा नमुना होता म्हणून. दुसऱ्या कोणाचा असता तर उलटसुलट करून दहादा बघितला असता. तुझा म्हटल्यावर मला बघायची गरजच वाटली नाही." त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "आणि सभेत काय बोललो? नमुना अशुद्ध होता. मोजणी अपुरी होती असं नाही बोललो. सगळं तुझ्यावर ढकललं आणि खाली बसलो. मग तुझ्याशी तू म्हणून बोलायला तोंडच राहिलं नाही."

"मला ते फार लागलं होतं."

"माहीत आहे. आता उभा राहीन तेव्हा तेही बोलेन."

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग तिने विचारलं की आणखी एकदा बघूया का, आणि तो म्हणाला, हो, बघूया. मला त्या दिवशी इतक्या वेळा गार-गरम केलं की दुसरा कोणी असता तर तडकला असता. मी तडकलो नाही. घराण्याचं नाव राखलं.

टाकी दुसऱ्या कामाला गेली नाही. माझ्यामागून नवे ठोकळे वाढले आणि तेही न दळता मोजले गेले. सगळ्यांनी माझीच री ओढली. पुढच्या सभेत दादाने जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी स्वतःची चूक आणि मग माझी थोरवी. क्रम मला पटला नाही, पण निळूताईला पटला, म्हणून मी गप्प बसलो.

आज मी या काचेच्या नळीत कापसावर बसलोय आणि नळी एका डबीत. दूरच्या एका प्रयोगशाळेने मला मागवलंय. तिथली माणसं आपल्या टाकीत, आपल्या हाताने मला मोजणार आहेत. मघाशी नळी डबीत ठेवताना निळूताईने विचारलं, "दादा, तू जातोस का याच्याबरोबर? तिथे काही अडलं तर?"

दादाने मान हलवली. "आपल्यापैकी कोणीच जायचं नाही. आपण एकमेकांवर किती विश्वास ठेवला आणि किती अविश्वास, दोन्ही करून बघितलंय. आता परक्यांना बघू दे."

ती हसली आणि तिने डबीचं झाकण लावायला हातात घेतलं.

बरोबरच बोलला तो. तिथे मी कोणाचा लाडका नाही आणि कोणाचा गुन्हेगारही नाही. तिथे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नसेल, आणि मला त्याची गरजही नाही. फक्त एक विनंती आहे, ती पोचती करा. मला दळू नका. गार करा, पुरतं गार करा, आणि काटा वर गेला की लगेच टाळ्या वाजवू नका. मला आधी गरम करा. मी शून्य होऊन दाखवतो.